बिशप अझरया आणि एका मंडळीचा ध्यास

गेल्या शतकाच्या आरंभी दक्षिण भारतातील एखाद्या ख्रिस्ती माणसाला त्याचा पंथ कोणता असे विचारले, तर उत्तर बहुधा त्याच्या श्रद्धेवरून नव्हे, त्याच्या गावावरून ठरत असे. तिरुनेलवेलीचा असेल तर अँग्लिकन, मदुरेचा असेल तर काँग्रिगेशनल, म्हैसूरकडचा असेल तर मेथॉडिस्ट. याचे कारण सरळ होते. परदेशी मिशनांनी आपसांत समझोता करून मुलूख वाटून घेतले होते. एकाच्या हद्दीत दुसऱ्याने पाऊल टाकायचे नाही, असा तो करार. भांडणे टाळण्यासाठी तो शहाणपणाचाच होता, यात शंका नाही. पण त्याचा परिणाम विलक्षण झाला. सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये राजा, पार्लमेंट आणि बिशप यांच्यात जे रण माजले, त्यातून निर्माण झालेले पंथ इकडे ताडामाडांच्या गावांत जसेच्या तसे येऊन बसले. ज्यांच्या आजोबांनी क्रॉमवेलचे नाव ऐकले नव्हते, त्यांना क्रॉमवेलच्या काळची वैरे वारशात मिळाली!

आपल्याकडे तरी वेगळे काय होते? अहमदनगरच्या परिसरात अमेरिकन मराठी मिशन, पुणे-जालन्याकडे स्कॉटिश प्रेसबिटेरियन. आणि अहमदनगर जिल्ह्यात तर पुढे अँग्लिकन मिशनही आले, म्हणजे शेजारशेजारच्या ख्रिस्ती वस्त्या दोन पंथांत विभागल्या गेल्या. माणूस आपल्या गावी होता तोवर हे खपून जाई. पण तो रेल्वेत, गिरणीत, चहाच्या मळ्यात कामाला गेला की पंचाईत होई. नव्या गावी देवळाची घंटा तीच, बायबल तेच, प्रार्थना त्याच प्रभूची. पण प्रभुभोजनाच्या मेजाशी त्याला स्थान असेलच असे नाही. तिथला धर्मगुरू त्याला आपल्या मंडळीचा मानीत नसे.

हे सारे पुसून एकच मंडळी उभी करावी, असा ध्यास ज्यांनी जवळजवळ तीस वर्षे घेतला, ते वेदनायकम सॅम्युएल अझरया. भारतातील अँग्लिकन मंडळीचे ते पहिले भारतीय बिशप. सामान्य ज्ञानाच्या पुस्तकांत त्यांचे नाव या एका ओळीपुरते येते. त्यांच्या आयुष्याचे खरे सार मात्र त्या ओळीत नाही.

१७ ऑगस्ट १८७४ रोजी तिरुनेलवेली जिल्ह्यातील वेल्लालनविळै या खेड्यात त्यांचा जन्म झाला. कुटुंब नाडार जातीचे. ताडाच्या झाडांवर ज्या समाजाचे पोट चाले आणि उच्चवर्णीयांनी ज्याला देवळाच्या वाटेवरही फिरकू दिले नाही, तो हा समाज. वडील थॉमस वेदनायकम ख्रिस्ती होऊन गावचे धर्मगुरू झाले होते. बऱ्याच वर्षांच्या प्रतीक्षेनंतर झालेला मुलगा म्हणून आईवडिलांनी त्याचे नाव सॅम्युएल ठेवले. वडील लवकर गेले आणि कर्तबगार, कडक शिस्तीच्या आईने मुलाला वाढवले. पुढे बिशप अझरयांच्या कडकपणाविषयी अनेकांनी कुरकुर केली. तो गुण, किंवा दोष म्हणा हवा तर, बहुधा घरचाच.

शिक्षणासाठी ते मद्रास ख्रिश्चन कॉलेजात आले. त्यांचा विषय गणित. ऐन परीक्षेच्या वेळी आजारी पडल्यामुळे पदवी हुकली ती कायमचीच. पण या कॉलेजने त्यांना दुसरे काही दिले. कॉलेज स्कॉटिश प्रेसबिटेरियनांचे, अझरया अँग्लिकन, आणि भोवताली नाना पंथांची मुले. के. टी. पॉल हे त्यांचे तेथील सोबती. १८९५ साली ते वाय. एम. सी. ए.च्या कामात शिरले आणि पुढची चौदा वर्षे दक्षिण भारत पालथा घालीत राहिले. या संस्थेत पंथ विचारला जात नसे. शेरवुड एडी या अमेरिकन तरुणाशी त्यांची तेव्हा जडलेली मैत्री जन्मभर टिकली. १८९८ साली त्यांनी अन्बु मरियम्माळ या कॉलेजात शिकलेल्या तरुणीशी हुंडा न घेता विवाह केला.

१९०२ साली ते सिलोनमधील जाफना येथे गेले. तेथल्या तमिळ ख्रिस्ती तरुणांनी स्वतःच्या पैशाने दूरच्या मुलखात प्रचारक पाठवला होता. अझरयांना हे पाहून लाज वाटली. तिरुनेलवेलीची मंडळी याहून कितीतरी मोठी, जुनी. पण ती अजून परदेशी पैशावर आणि परदेशी हुकमावर चाललेली. परत येऊन त्यांनी १९०३ साली तिरुनेलवेलीत भारतीयांची मिशनरी संस्था काढली, आणि १९०५ सालच्या नाताळच्या दिवशी, बंगालमध्ये सेरामपूर येथे विल्यम कॅरीच्या ग्रंथालयात, निरनिराळ्या पंथांच्या भारतीय ख्रिस्ती लोकांनी राष्ट्रीय मिशनरी संस्था स्थापली, तीत ते चिटणीस झाले. माणसे भारतीय, पैसा भारतीय, नेतृत्व भारतीय, हे तिचे सूत्र. ते वर्ष वंगभंगाचे होते हे ध्यानात घेतले म्हणजे या सूत्राला कोणती हवा लागली होती ते निराळे सांगायला नको.

तिरुनेलवेलीच्या संस्थेने कामासाठी निवडलेला मुलूख होता निजामाच्या राज्यातील डोर्नकल. भाषा तेलुगू, भोवती जंगल, आणि येणारेजाणारे मुख्यतः रेल्वेचे जंक्शन म्हणून ओळखणारे गाव. वयाच्या पस्तिसाव्या वर्षी, १९०९ साली, अझरयांनी धर्मगुरूची दीक्षा घेतली आणि शहरातले नाव-मान सोडून ते तिथे राहायला गेले. परक्या भाषेची मुळाक्षरे नव्याने गिरवू लागले.

पुढच्याच वर्षी त्यांना स्कॉटलंडमधील एडिंबरो येथे भरलेल्या जागतिक मिशनरी परिषदेचे बोलावणे आले. बाराशेच्या आसपास प्रतिनिधी. त्यांत आशियातले वीसदेखील नव्हते. तेथे अझरयांनी जे भाषण केले त्याने सभागृह अस्वस्थ झाले. मिशनऱ्यांनी त्याग केला, कष्ट उपसले, हे त्यांनी मान्य केले. पण आपल्याबरोबर काम करणाऱ्या भारतीयाला ते घरी जेवायला बोलावीत नाहीत, त्याच्या घरी जात नाहीत, त्याला बरोबरीचा मानीत नाहीत, हे त्यांनी तोंडावर सांगितले. शेवटी त्यांनी मागितली ती मैत्री. पैसा नव्हे, उपकार नव्हे. त्या मागणीचा एकीच्या प्रश्नाशी जवळचा संबंध आहे असे मला वाटते. पंथापंथांतल्या भिंती पुढे त्यांनी ज्या दृष्टीने पाहिल्या तीच ही दृष्टी. एकाच प्रभूचे नाव घेणारे दोघे एका पंगतीला बसू शकत नसतील तर त्यांच्या तत्त्वज्ञानाला काय अर्थ?

मद्रासचे बिशप हेन्री व्हाइटहेड यांनी त्यांचे नाव बिशपपदासाठी पुढे केले तेव्हा विरोध झाला. गोऱ्या धर्मगुरूंनी भारतीय बिशपाच्या हाताखाली काम कसे करावे, ही एक शंका. दुसरी शंका बोलून दाखवणारे काही भारतीय ख्रिस्तीच होते, आणि तिच्यामागे जात होती. तरीही २९ डिसेंबर १९१२ रोजी कलकत्त्याच्या सेंट पॉल्स कॅथीड्रलमध्ये त्यांना डोर्नकलचे बिशप म्हणून दीक्षा मिळाली.

डोर्नकलचे काम बैलगाडीने आणि पायी चालले. मंडळीत येणारे लोक बहुतांशी माला आणि मादिगा या अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातींचे. ते एकेकटे आले नाहीत, वस्त्याच्या वस्त्या आल्या. हे लोक अत्यंत गरीब होते. तरी अझरयांनी त्यांना दान द्यायला शिकवले. रोजच्या भातातला मूठभर तांदूळ बाजूला काढून मंडळीला द्यायचा. मदत घेणाऱ्याला देणारा करणे हा त्यांच्या मते त्याला ताठ उभे करण्याचा मार्ग होता. नव्याने बाप्तिस्मा घेतलेल्यांना ते डोक्यावर हात ठेवून शेजाऱ्याला सुवार्ता सांगण्याची शपथ घ्यायला लावीत. पण मालाने आणि मादिगाने एका मेजाशी बसावे, यासाठी त्यांना जन्मभर झगडावे लागले. बाहेरचा वर्णभेद टाकून आलेली माणसे आतल्या आत तो पुन्हा उभा करीत. वरून पाश्चात्त्यांचे पंथभेद आणि खालून आपले जातिभेद, अशा दोन जात्यांत ही मंडळी सापडली होती.

मे १९१९ च्या पहिल्या दोन दिवसांत तमिळ किनाऱ्यावरील ट्रॅन्क्विबार, म्हणजे तरंगंबाडी, येथे तेहतीस जण जमले. दोघे सोडले तर सारे भारतीय. काही अँग्लिकन, बाकीचे दक्षिण भारतीय संयुक्त मंडळीचे, म्हणजे १९०८ साली प्रेसबिटेरियन आणि काँग्रिगेशनल एकत्र येऊन झालेल्या मंडळीचे. १७०६ साली पहिले प्रोटेस्टंट मिशनरी भारतात उतरले ते याच गावी. जागा मोठी अर्थपूर्ण होती. महायुद्ध नुकतेच संपले होते. एकमेकांवर तोफा डागणारी सारी राष्ट्रे ख्रिस्ती म्हणवत होती, हे या मंडळींनी पाहिले होते. त्यांनी काढलेल्या जाहीरनाम्यात म्हटले होते की आमच्यातले भेद आम्ही निर्माण केलेले नाहीत, ते आमच्यावर बाहेरून आले आहेत, आणि समोरचे काम विभागलेल्या मंडळीच्या आवाक्यातले नाही. या सभेमागचे प्रमुख बळ अझरयांचे.

एकीचा पाया म्हणून चार गोष्टी ठरल्या: बायबल, प्राचीन दोन विश्वासांगीकार, बाप्तिस्मा व प्रभुभोजन हे दोन संस्कार, आणि बिशपांची परंपरा. पहिल्या तिघांबद्दल फारशी तक्रार नव्हती. सारे घोडे अडले ते चौथ्यावर, आणि अडले तेही एकदोन नव्हे, अठ्ठावीस वर्षे!

हा पेच थोडा उलगडून सांगायला हवा, नाहीतर एवढ्याशा गोष्टीसाठी एवढा काळ का, असे वाटेल. अँग्लिकनांच्या दृष्टीने बिशप हा नुसता अधिकारी नव्हे. प्रेषितांपासून हातावर हात ठेवून चालत आलेल्या परंपरेचा तो दुवा. त्याने दीक्षा दिली नसेल तर धर्मगुरूचे प्रभुभोजन देण्याचे काम ग्राह्य कसे धरावे? उलट काँग्रिगेशनल माणसाच्या घडणीतच बिशपाविषयी संशय. त्याची स्थानिक मंडळी हीच त्याला सर्वोच्च. पाळक नसेल तर सामान्य सभासदालाही प्रभुभोजन देता यावे, असा त्याचा आग्रह. प्रेसबिटेरियन मधला, वडिलांच्या सभेने कारभार चालावा असे मानणारा. आता या साऱ्यांना एकत्र आणायचे तर अँग्लिकन नसलेल्या धर्मगुरूंना पुन्हा दीक्षा घ्या म्हणून सांगायचे काय? तसे सांगणे म्हणजे तुमची आजवरची सेवा खोटी होती असे म्हणणे. आणि न सांगावे तर अँग्लिकनांच्या श्रद्धेचे काय?

१९२० साली संयुक्त समितीच्या बैठका सुरू झाल्या. १९२५ साली मेथॉडिस्ट सामील झाले. १९२९ साली योजनेचा मसुदा छापला गेला आणि नंतर त्याच्या सुधारून वाढवलेल्या अनेक आवृत्त्या निघाल्या. अखेर जो तोडगा निघाला तो मला मोठा माणुसकीचा वाटतो. एकीच्या दिवशी जे जे धर्मगुरू असतील ते सारे जसेच्या तसे स्वीकारायचे, कोणालाही पुन्हा दीक्षा नाही. त्यानंतरच्या नव्यांना मात्र बिशपच दीक्षा देतील. तीस वर्षे असे चालल्यावर मंडळीने पुन्हा विचार करायचा. आणि कोणत्याही गावच्या मंडळीवर तिच्या सदसद्विवेकाला न पटणारा धर्मगुरू किंवा उपासनेचा प्रकार लादायचा नाही, असे वचन सर्वांनी एकमेकांना द्यायचे. मतभेद मिटवूनच एकत्र यायचे म्हटले असते तर कधीच येता आले नसते. म्हणून एकत्र राहून मतभेद मिटू द्यायचे, असा हा व्यवहार होता.

यात अझरयांची जागा नाजूक होती. बिशपपदावर त्यांची मनापासून निष्ठा. अँग्लिकन प्रार्थनाग्रंथावर प्रेम. डोर्नकलच्या कारभारात ते चांगलेच अधिकार गाजवीत. म्हणजे ज्याला स्वतःच्या पंथाचे काहीच वाटत नाही, त्याच्या तोंडची ही एकीची भाषा नव्हती. जे आपल्याला प्रिय आहे तेच त्यांना दुसऱ्यांपुढे ठेवायचे होते, आणि दुसऱ्याला जे प्रिय आहे त्याला हात लावायचा नव्हता. १९२७ साली स्वित्झर्लंडमधील लोझान येथे आणि १९३० साली इंग्लंडमध्ये लँबेथ येथे जमलेल्या बिशपांपुढे त्यांनी हीच बाजू मांडली. पाश्चात्त्य देशांत मंडळ्यांची फाटाफूट ही एक उणीव असेल. पण जिथे ख्रिस्ताचे नाव नव्यानेच ऐकले जात आहे तिथे ती पाप आहे, असे ते सांगत. लँबेथने योजनेला सहानुभूती दाखवली, तरी इंग्लंडमध्ये परंपरानिष्ठांचा विरोध वाढतच गेला. इंग्रजीच्या विद्यार्थ्यांना गंमत वाटेल अशी गोष्ट म्हणजे, कवी टी. एस. एलियट यांनीही १९४३ साली या योजनेविरुद्ध एक पुस्तिका लिहिली. या एकीने मंडळीचा नाशच होईल असे तिचे नावच सुचवते.

इथे एक हकीकत सांगितली पाहिजे, कारण ती आपल्या महाराष्ट्राशी जोडलेली आहे. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्याच्या परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी आपण हिंदू म्हणून मरणार नाही अशी घोषणा केली. त्यानंतर निरनिराळ्या धर्मांचे पुढारी त्यांना भेटू लागले. अझरयांशीही त्यांची भेट झाली, असे अझरयांच्या सहकाऱ्यांनी नोंदवून ठेवले आहे. बाबासाहेबांनी दोन प्रश्न विचारले. आमचे लोक ख्रिस्ती झाले तर ते देशात जिथे जिथे असतील तिथे एकाच मंडळीचे सभासद राहतील काय? आणि जातिभेदापासून ते पूर्ण मुक्त होतील काय? दोन्ही प्रश्नांना अझरयांना होय म्हणता आले नाही. आयुष्यात इतकी शरम आपल्याला कधी वाटली नव्हती, असे ते नंतर आपल्या माणसांना सांगत.

मला या प्रसंगात बाबासाहेबांची कायद्याच्या पंडिताची नजर दिसते. त्यांनी ख्रिस्ताच्या शिकवणुकीविषयी वाद घातला नाही. ज्या घरात जायचे त्या घरात किती भिंती आहेत तेवढे विचारले. आणि अझरयांचा प्रामाणिकपणा दिसतो तो असा की त्यांनी गोल उत्तर दिले नाही. लक्षावधी माणसे उंबरठ्यावर उभी असताना खोटे बोलण्याचा मोह मोठा असतो. कोणी म्हणेल, उत्तर होय असते तर इतिहास वेगळा झाला असता. तसे झालेच असते असे मला वाटत नाही. बाबासाहेबांच्या निर्णयामागे पुष्कळ कारणे होती. परंतु समितीच्या बैठकांत बिशपाच्या अधिकाराचा काथ्याकूट ज्यांना निव्वळ विद्वानांचा खेळ वाटत होता, त्यांना या दोन प्रश्नांनी त्याची खरी किंमत कळायला हरकत नव्हती.

त्याच सुमारास दलितांच्या धर्मांतरावरून गांधीजींशी त्यांचा तीव्र मतभेद झाला. गांधीजींना हे धर्मांतर प्रलोभनाचे वाटे; अझरयांना त्यात त्या माणसांचा स्वतःचा निर्णय दिसे, आणि तो घेण्याचा हक्क त्यांना आहे असे ते म्हणत. गंमत अशी की ख्रिस्ती लोकांसाठी स्वतंत्र मतदारसंघ नकोत, या मुद्द्यावर हेच अझरया राष्ट्रीय बाजूला ठामपणे उभे होते. मंडळीने आपल्याभोवती राजकीय कुंपण घालून घेऊ नये असे त्यांचे मत होते.

६ जानेवारी १९३९ रोजी डोर्नकलच्या कॅथीड्रलचे समर्पण झाले. दुष्काळ आणि पैशाची टंचाई यांमुळे हे काम वर्षानुवर्षे रेंगाळले होते. ते पाहणाऱ्याला एकदम ओळखू येत नाही की हे ख्रिस्ती देऊळ आहे. घुमट आणि मिनार मुसलमानी वळणाचे, खांब दक्षिणेच्या मंदिरांसारखे, नक्षीत कमळे. तिरुनेलवेलीच्या खेड्यातले इंग्रजी धर्तीचे उंच मनोऱ्याचे देऊळ ज्यांनी लहानपणी पाहिले, त्यांनी म्हातारपणी बांधलेले देऊळ हे असे!

१ जानेवारी १९४५ रोजी अझरया डोर्नकल येथे वारले. मेथॉडिस्टांनी योजनेला होकार १९४३ साली दिला होता. अँग्लिकनांचा निर्णायक कौल त्यांच्या मृत्यूनंतर १९४५ सालीच आला. संयुक्त मंडळीने १९४६ साली मान्यता दिली. २७ सप्टेंबर १९४७ रोजी, देश स्वतंत्र होऊन सहा आठवडे झाले असताना, मद्रासच्या सेंट जॉर्ज कॅथीड्रलमध्ये दक्षिण भारतीय मंडळी स्थापन झाली. दहा लाखांवर माणसे त्या दिवशी एका मंडळीची झाली. बिशप मानणारे आणि बिशप न मानणारे पंथ अशा रीतीने एक होण्याची जगातली ही पहिलीच वेळ. इंग्लंडच्या अँग्लिकन मंडळीने मात्र पुढे बरीच वर्षे तिला पूर्ण मान्यता दिली नाही.

आणि सारे आलेच असेही नाही. बाप्टिस्ट व बहुतेक लूथरन बाहेर राहिले. खुद्द अझरयांच्या धर्मप्रांतातील नंद्याळ भागातल्या हजारो अँग्लिकनांनी ऐन वेळी पाय मागे घेतला, आणि ते या मंडळीत यायला १९७० नंतरचे दशक उजाडावे लागले. उत्तरेकडे हाच मार्ग चोखाळून २९ नोव्हेंबर १९७० रोजी सहा मंडळ्यांची उत्तर भारतीय मंडळी झाली, आणि अमेरिकन मराठी मिशनच्या परंपरेतील मंडळ्या व मुंबई-नाशिककडचे अँग्लिकन तीत एकत्र आले. अमेरिकन परंपरेच्या मेथॉडिस्टांनी या वेळी शेवटच्या क्षणी माघार घेतली. या एकीचा समारंभ झाला तो नागपुरास, ज्या शहरात चौदा वर्षांपूर्वी बाबासाहेबांनी आपल्या लक्षावधी अनुयायांसह बौद्ध धर्माची दीक्षा घेतली होती.